वरचा निरोप खाली

माझ्या पुतणीला सगळे घुमी म्हणतात. घुमी कसली डोंबलाची! लहानपणापासून ती जेवढं बोलली तेवढं मी सात जन्मांत बोलणार नाही. फक्त त्यातलं तिचं स्वतःचं फार थोडं होतं. बाकी सगळं वरचं खाली आणि खालचं वर.

वर म्हणजे वरच्या मजल्यावर माझे थोरले दीर, जाऊ आणि ही त्यांची एकुलती एक मुलगी. खाली आम्ही दोघं, मी आणि माझा नवरा. आम्हाला मूल नाही. घरामागे सुतारकामाचा कारखाना, दोघा भावांचा मिळून. मी तिथल्याच खुर्च्यांना वेत विणते, त्यामुळे जे झालं ते सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. ऐकीव काही नाही.

करवतीच्या मशीनवर पात्याला लोखंडी झाकण असायचं. थोरल्यांना त्याची अडचण व्हायची. फळी अडते, वेळ जातो, म्हणून एके सकाळी त्यांनी ते काढून ठेवलं आणि सांगायचं राहून गेलं. दुपारी माझ्या नवऱ्याची दोन बोटं गेली. उजव्या हाताची. मी त्यांचा हात माझ्या पदरात गुंडाळून उभी होते आणि थोरले धावत आले. पांढरेफटक पडले होते. त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं? "लक्ष कुठं होतं तुझं?"

बस्स. तेवढ्यावर मोडलं. बोटं गेल्याचा विषय यांनी कधी काढला नाही, पण ते वाक्य काही गिळलं गेलं नाही. यांचं एकच म्हणणं होतं: दादानं एकदा म्हणावं, माझी चूक झाली. पुढं मी काही बोलणार नाही. आणि थोरले म्हणजे असा माणूस की रस्ता चुकला तरी म्हणणार, रस्ताच बदललाय.

कारखान्यात मधे प्लायवूडची भिंत उभी राहिली. मशीन तिकडे, पॉलिशचं काम इकडे. गंमत बघा, धंदा मात्र एकच. टेबल थोरल्यांनी जोडायचं आणि पॉलिश यांनी करायचं. गिऱ्हाईक बिचारं एका दारातून टेबल उचलायचं आणि वळसा घालून दुसऱ्या दारातून आत आणायचं. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, पण बोलल्याशिवाय काम होत नव्हतं. पाय किती घासलेत, रंग गडद हवा की फिका, गिऱ्हाईक कधी येणार. आम्हा जावांना दोघांनीही बजावून ठेवलं होतं, बायकांनी यात पडायचं नाही. आम्ही जिन्यात वाटीभर साखर, चमचाभर चहापूड देत-घेत राहिलो, पण भावांचं नाव निघालं की ती वर आणि मी खाली. उरली पोरगी. तिसरीत होती. तिला कुणीच अडवलं नाही, कारण लहान मुलांना भांडणं कळत नाहीत असा मोठ्यांचा समज असतो.

हे तिला "टपाल" म्हणायचे. शाळेतून आली की दप्तर जिन्यात टाकून ती कारखान्यात यायची. हे विचारायचे, "काय टपाल, वरून काय आलंय?"

"बाबा म्हणतात, पाय नीट घासलेत. तुम्ही सावकाश करा, घाई नाही."

आता भिंत प्लायवूडची. मी पलीकडच्या बाजूला वेत भिजवायला गेलेली असायची, तेव्हा मला मूळ निरोप ऐकू यायचा. "त्या थोट्याला सांग, पाय घासून पाठवलेत, आता तरी बरबटवू नकोस म्हणावं." हे असं निघायचं आणि तसं पोचायचं. उलट दिशेलाही तेच. यांनी सांगायचं, "तुझ्या बापाला काटकोन म्हणजे काय ते माहीत आहे का विचार." आणि वर पोचायचं, "काका म्हणाले, एक कोपरा जरा बघता का?" मी मनात म्हणायची, पोरगी शहाणी आहे गं बाई. हसूही यायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आपण कशाला उघडा?

मग एक दिवस ती आली तेव्हा हे एका कपाटाच्या दाराला पॉलिश पेपर मारत होते. यांनी काही विचारायच्या आधीच तिनं सांगितलं, "काका, बाबा म्हणाले, माझी चूक झाली."

यांचा हात थांबला. "काय म्हणाला?"

"माझी चूक झाली."

"असंच म्हणाला?"

"हो."

यांनी पॉलिश पेपर खाली ठेवला, हात पुसले आणि बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं. बराच वेळ धुतलं. त्या दिवशी मी भिंतीपलीकडे नव्हते, त्यामुळे वर काय बोलणं झालं ते मला माहीत नव्हतं. मी धरून चालले की झालं असेल.

तुम्ही म्हणाल, मग मिटलं की. तिथंच तर सगळं अडलं. यांचं म्हणणं, दादानं पोरीकडून सांगितलंय, आता एकदा खाली येऊन तोंडानं म्हणेल. थोरला आहे, लाज वाटत असेल, येईल सावकाश. यांनी निरोप दिला, "सांग, मी वाट बघतोय." तो वर पोचला तो "काका म्हणाले, आता सगळं ठीक आहे" असा. थोरल्यांना वाटलं, धाकट्याचा राग गेला, कामही चाललंय, मग आता उकरायचं कशाला? एक भाऊ वाट बघत राहिला आणि दुसऱ्याला कुणी वाट बघतंय हेच माहीत नाही. वर्षं गेली. जिन्यात पाय वाजला की हे मान वर करायचे. दरवेळी. जाऊ असायची, नाहीतर पेपरवाला. मला तेव्हा वाटायचं, या माणसाचा धीर मोठा. आता वाटतं, धीर कसला, भिजत घोंगडं.

पोरगी मोठी झाली आणि म्हणाली, मला विद्यापीठात आंतरराष्ट्रीय संबंध शिकायचेत. जिन्यात जाऊ मला म्हणाली, "म्हणजे काय करतात गं?" मी म्हटलं, "दोन देशांचं पटत नसेल तर मधे जाऊन बोलायचं." त्यावर ती म्हणाली, "मग त्याला फी कशाला भरायची?" आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसलो. शेवटचं एवढं हसलो ते तेव्हाच.

विद्यापीठ लांब, ती वसतिगृहात राहायची. सुट्टीत आली की माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून सांगत बसायची. कुठल्या देशाला समुद्र नाही म्हणून तो शेजाऱ्याचं ऐकून घेतो. कुणाचं पाणी कुणाच्या धरणातून येतं. तह झाला तरी सैन्य का हलत नाही. सगळं सपाट आवाजात. जणू किराणा सांगतेय. मी म्हणायची, "अगं, माणसं मरतात त्यात, जरा तरी हळहळ." ती म्हणायची, "हळहळलं की मार्क जातात, काकू."

दुसऱ्या वर्षी त्यांचं एक प्रात्यक्षिक होतं. व्हरांड्याच्या एका टोकाच्या खोलीत एक देश, दुसऱ्या टोकाच्या खोलीत दुसरा. मुलंच देश झालेली. भांडण एका नदीवरच्या पुलाचं. दोघांनी एकमेकांचं तोंड बघायचं नाही, मधे एक मध्यस्थ, त्यानं या खोलीतून त्या खोलीत जायचं. मॅडमनी मध्यस्थ म्हणून हिला निवडलं. त्या मॅडम आधी परदेशात वकिलातीत नोकरी करून आलेल्या, बारा गावचं पाणी प्यायलेली बाई.

हिनं दुपारपर्यंत करार करून दाखवला. वर्गात कुणाचाच झाला नव्हता. टाळ्या पडल्या. मग मॅडमनी दोन्ही खोल्यांत एकेक मुलगी लिहायला बसवली होती, त्या दोघींना उभं केलं. इकडून काय निघालं ते एकीनं वाचायचं, तिकडे काय पोचलं ते दुसरीनं. पहिल्या वाक्याला वर्ग हसला. दुसऱ्यालाही हसला. मग हसणं थांबलं.

मॅडम रागावल्या नाहीत म्हणे. म्हणाल्या, "तू शांतता नाही केलीस. तू दोन खोटे देश तयार केलेस आणि त्यांची मैत्री करून दिलीस. खरे दोघं अजून आपापल्या खोलीत बसलेत. निरोप दिला तसा द्यायचा. शिवी असेल तर शिवी. मऊ करायचा हक्क बोलणाऱ्याचा, नेणाऱ्याचा नाही."

तिला प्रात्यक्षिक पुन्हा करायला लावलं. दुसऱ्या वेळी तिनं शब्दाला शब्द नेला. पहिल्याच फेरीत एका देशानं दार आपटलं आणि बोलणी फिसकटली. आणि मॅडमनी तिला पैकीच्या पैकी दिले. ऐका! बोलणी मोडली म्हणून पैकीच्या पैकी! मी म्हटलं, "आग लागो तुमच्या त्या अभ्यासक्रमाला." मला वाटलं ती हसेल. ती मटार सोलत होती, सोलत राहिली.

मग म्हणाली, "काकू, बाबा कधीच म्हणाले नव्हते, चूक झाली म्हणून."

मला आधी कळलंच नाही. ती म्हणाली, "ते मी म्हणाले होते. त्या दिवशी बाबांनी फक्त बिजागऱ्या मागवल्या होत्या."

मी तिच्यावर हात उचलला. आयुष्यात पहिल्यांदा. मारला नाही, पण उचलला. ती मागेही सरकली नाही. मी म्हटलं, "या घरात हे पुन्हा तोंडातून काढायचं नाही. तो माणूस त्या एका वाक्यावर जगतोय." ती म्हणाली, "तेच तर." रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं. पण तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. रिकाम्या वर्गासारखा चेहरा.

त्याच सुमाराला यांची छाती पार गेली होती. जन्मभर लाकडाचा भुसा आणि पॉलिशचा वास. डॉक्टर म्हणाले, घरीच ठेवा, जे खातील ते द्या. पुढच्या खोलीत खाट टाकली, खाटेशेजारी प्राणवायूचं मशीन. ते दिवसभर घुरघुरायचं. जाऊ रोज खाली यायची आता, कुणाची भीती राहिली नव्हती तिला. थोरले यायचे नाहीत. "तो बरा आहे ना?" एवढं बायकोला विचारायचे आणि कारखान्यात जायचे. मला राग यायचा, पण तोही कोरडा. सकाळी औषधं, दुपारी पेज, संध्याकाळी चादर. माझे हात चालायचे आणि मी कुठंतरी बाजूला बसलेली असायची.

पुढच्या सुट्टीत ती आली. यांनी तिला खाटेवर बसवलं. दम लागत होता, तुकड्या तुकड्यानं बोलले. "टपाल, वर जा. दादाला सांग, आता वेळ नाही. तेव्हा पोरीकडून म्हणालास ना चूक झाली, तेच एकदा समोर येऊन म्हण. मग मी सुटलो."

मी त्यांच्या डोक्यामागे उभी होते. तिच्याकडे बघून मान हलवली. नको. हात जोडले. नको गं बाई. तिनं मला बघितलं. नक्की बघितलं.

"काका," ती म्हणाली, "बाबा तसं म्हणाले नव्हते. मी बनवून सांगितलं होतं."

मशीन घुरघुरत होतं.

"तू?"

"हो."

"तिसरीत होतीस तू."

"हो."

हे छताकडे बघत राहिले. मला वाटलं आता चिडतील, काहीतरी फेकतील, निदान मला बोलतील. तसं काही नाही. मग म्हणाले, "बरं. मग आता खरंच जाऊन विचार. तो म्हणतो का ते. आणि म्हणेल ते तसंच आण."

मी तिच्या मागे जिन्यापर्यंत गेले. दंड धरला तिचा. म्हटलं, "तुझ्या पाया पडते. वर काहीही म्हणू दे, खाली येऊन हो म्हण. इतकी वर्षं खोटं बोललीस, अजून एकदा बोल. एवढ्यानं कुणाचं वाईट होणार आहे?"

ती म्हणाली, "काकू, ते ज्याची वाट बघतायत तो माणूस नाहीये. मी केलेला आहे तो."

"असू दे की! तोच पाठव!" मी ओरडले.

तिनं हळूच माझी बोटं सोडवली आणि वर गेली. मी जिन्यातच बसले. कुणाचा राग करू तेच कळेना. थोरल्यांचा? त्या मॅडमचा? दोन शब्दांसाठी आयुष्य अडवून बसलेल्या माझ्या नवऱ्याचा? मला तर त्या क्षणी सगळ्या जगाचा राग यायला हवा होता, पण काहीच येईना. पायऱ्या गार होत्या एवढं आठवतं.

ती खाली आली आणि माझ्याकडे न बघता आत गेली. मी दारात उभी राहिले.

"काय म्हणाला?" यांनी विचारलं.

"बाबा म्हणाले, 'एवढ्या वर्षांनी आता काय विचारतो? लक्ष कुठं होतं त्याचं?'"

जसंच्या तसं. आवाजसुद्धा थोरल्यांचाच चढवला होता, शेवटी थोडा वर जाणारा. यांनी डोळे मिटले. मग त्यांच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. हसले की काय, मला आजही सांगता येणार नाही.

"काय करत होता तो?"

"वर गच्चीत, हल्ली दुपारी तिथंच काम करतात. दाराला रंधा मारत होते."

"कुठल्या लाकडाचं?"

"सागवान."

"हं," म्हणाले, आणि पंखा कमी करायला सांगितलं.

त्या दिवसानंतर जिन्यात पाय वाजला तरी यांची मान वर होईना. बाकी सगळं तसंच होतं. पेज खायचे, औषध घ्यायचे, मी काही बोलले तर हूं म्हणायचे. पोरगी विद्यापीठात परतलीच नाही. परीक्षा होती, तिनं नाव काढून घेतलं. आई रागावली, बाप रागावला, ती खाटेपाशी बसून राहिली. यांनी तिला जा म्हटलं नाही, थांबही म्हटलं नाही. ती पाणी पाजायची आणि हे प्यायचे. जाऊ मला म्हणाली की थोरले रोज दुपारी जिन्याच्या वळणापर्यंत उतरतात, थोडं थांबतात, आणि परत वर जातात. मी म्हटलं, "मग मी काय करू? हात धरून आणू?" आणायला हवं होतं कदाचित. पण मला उठून चार पायऱ्या चढायचंही त्राण नव्हतं, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती.

मंगळवारी दुपारी हे गेले. मी वेताच्या पट्ट्या पाण्यातून काढत होते. पोरीनं आतून हाक मारली, "काकू," आणि प्राणवायूचं मशीन बंद केलं. घरात एकदम इतकं शांत झालं की मला आधी तेच जाणवलं. माणूस गेला हे नंतर.

जाऊ आली, तिनं मला धरलं. मी तिला म्हटलं, डॉक्टरांना फोन कर, दाखला लागेल. ती माझ्याकडे बघतच राहिली. मला रडू येत नव्हतं, त्याला मी काय करणार? मी यांच्या अंगावरची चादर सारखी केली, खिडकी उघडली, औषधांच्या बाटल्या एका बाजूला घेतल्या. कामं दिसत होती, ती करत होते.

मग जिन्यात पाय वाजले आणि वळणावर थांबले नाहीत.

थोरले दारात आले. हाताला भुसा, कानावर पेन्सिल तशीच. खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. त्यांना इतक्या जवळून मी किती वर्षांनी बघत होते. म्हातारे झाले होते. त्यांनी यांच्या उजव्या हाताकडे पाहिलं, चादरीच्या बाहेर होता तो. बराच वेळ पाहिलं. आणि मग तो माणूस, जो रस्ता चुकला तरी रस्त्याला बोल लावायचा, तो म्हणाला,

"माझी चूक झाली."

कुणालाच उद्देशून नाही. खोलीला.

माझ्या आत इतके दिवस जे गोठून बसलं होतं ते तेव्हा एकदम वर आलं. रडू नाही. जहर. मी म्हटलं, "आता कुणाला ऐकवताय, भाऊजी? मला कशाला सांगता? ती उभी आहे बघा तिथं. तिच्याकडे द्या. या घरात निरोप तीच नेते."

जाऊ म्हणाली, "अगं, काय बोलतेस!" मला वाटलं थोरले निघून जातील. जायला हवेत असंच वाटत होतं मला. पण ते वळले मुलीकडे. म्हणाले, "सांग त्याला. माझी चूक झाली म्हणावं."

पोरगी भिंतीला टेकून उभी होती. तिनं मान हलवली, ऐकल्यासारखी. खाटेला वळसा घालून उशाशी आली, खाली वाकली आणि यांच्या कानाशी तोंड नेलं.

"काका," ती म्हणाली, "बाबा म्हणतात, माझी चूक झाली."

एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही.

आणि तशीच वाकून राहिली. जाऊनं तिला दोनदा हाक मारली, तरी हलली नाही. मग मीच गेले, तिच्या खांद्याला हात लावला. म्हटलं, "चल बाळा, झालं."

ती माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "थांब काकू. उत्तर न्यायचंय वर."